भांडी वाजवणाऱ्या देशाबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला आइसलँडवरचा लेख धाकट्या बहिणीने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली एवढंच लिहिलं होतं, "मजा आहे बाई तुझी." लेखाचा मथळा 'सुखी देशाचं गुपित'. वर तीन बायकांचे फोटो: राष्ट्राध्यक्ष, पंतप्रधान, परराष्ट्रमंत्री. मी आठ वर्षं रेक्याविकमध्ये राहतेय, त्यातली सहा एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात गेली. पदवी राज्यशास्त्राची, काम बटाटे सोलायचं. त्यामुळे लेख चवीने वाचला आणि दोन ठिकाणी घास अडला. एक नाव आणि एक विशेषण.

आधी नाव. लेखात पंतप्रधानांसाठी सगळीकडे "फ्रोस्तादोत्तिर म्हणाल्या", "फ्रोस्तादोत्तिर यांचं सरकार" असं आहे. फ्रोस्तादोत्तिर म्हणजे फ्रोस्तीची मुलगी. ते आडनाव नाही. इथे बहुतेकांना आडनाव नसतंच. वडिलांच्या, क्वचित आईच्या नावाला मुलगा असेल तर 'सोन' लागतं, मुलगी असेल तर 'दोत्तिर'. आपल्याकडे मधलं नाव असतं तसंच हे, फक्त पुढचं आडनाव गायब. माझं नाव गाळून नुसतं "अमक्याची लेक म्हणाली" असं कुणी छापलं तर कसं वाटेल, तसं ते वाचताना वाटतं. पंतप्रधानांचं नाव क्रिस्त्रून. बातम्या देणारा क्रिस्त्रून म्हणतो, विरोधक क्रिस्त्रून म्हणतात, आमच्या बालवाडीतलं चार वर्षांचं पोर क्रिस्त्रून म्हणतं. राष्ट्राध्यक्ष हाल्ला. टेलिफोनची यादीसुद्धा पहिल्या नावाने लागायची.

याहून मोठी अडचण 'तू'ची. आदरार्थी बोलायचं एक रूप या भाषेत होतं, पण गेल्या पन्नासेक वर्षांत ते बोलण्यातून जवळजवळ गेलं. आता सगळ्यांना 'थू'. डॉक्टरला थू, मंत्र्याला थू. माझी जीभ अजून अडखळते. म्हणून मी मनातल्या मनात 'ताई' जोडते आणि मग थू म्हणते. हा हिशेब इथे कुणाला कळत नाही, पण माझं मला बरं वाटतं.

आता विशेषण. 'सुखी'. लेखकाने ते नऊ वेळा वापरलंय, मी मोजलं. 'डास नसलेला सुखी देश' असंही एके ठिकाणी आहे. तेही जुनं झालं. गेल्या महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, क्योस भागात तीन डास सापडले आणि त्यात दोन माद्या होत्या.

मी इथे सप्टेंबर २०१७ मध्ये आले. सामान अजून खोक्यांतच होतं आणि सरकार पडलं. मला वाटलं, बजेटवरून पडलं असेल. तर नाही. तेव्हा इथे एक कायदा होता: शिक्षा भोगून आलेल्या गुन्हेगाराला, दोन भल्या माणसांनी शिफारस लिहून दिली की सरकार त्याची 'इभ्रत' परत देई. म्हणजे कायद्याने गेलेले नागरी हक्क पुन्हा मिळत. लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांनाही ती मिळत होती. अशा एका प्रकरणातल्या मुली आणि त्यांचे पालक विचारत राहिले, ही पत्रं लिहिणारी भली माणसं कोण? मंत्रालय सांगेना. शेवटी बाहेर आलं की दुसऱ्या एका गुन्हेगाराला पत्र देणाऱ्यांत खुद्द पंतप्रधानांचे वडील आहेत, आणि पंतप्रधानांना हे जुलैपासून माहीत होतं. आघाडीतल्या एका पक्षाने रातोरात पाठिंबा काढला. २८ ऑक्टोबरला निवडणूक झाली. तो कायदाही गेला. पावणेचार-चार लाखांच्या देशात कुणाचे वडील कुणाचे मित्र असतील ते सांगता येत नाही, आणि सत्तेचा निम्मा घोटाळा त्यातूनच होतो. हे लेखात कुठेच नाही. लेखात 'सगळे एकमेकांना ओळखतात' हे वाक्य कौतुकाने आलंय.

२०१६ चं सरकारही असंच गेलं होतं. परदेशी कंपन्यांत ठेवलेल्या पैशांची गुपितं फोडणाऱ्या 'पनामा कागदपत्रां'त त्या वेळच्या पंतप्रधानांचं नाव आलं, दुसऱ्या दिवशी संसदेपुढच्या आउस्तुरवोत्लुर चौकात माणसांचा पूर आला आणि तिसऱ्या दिवशी ते पायउतार झाले. मी ते पाहिलं नाही. पण आमच्या स्वयंपाकघरातली मुख्य बाई तिथे होती. ही बाई साठीची आहे आणि आइसलँडचं राजकारण मी पुस्तकांपेक्षा तिच्याकडून जास्त शिकले. तिच्या घरी भिंतीवर एक ॲल्युमिनियमचं पातेलं टांगलेलं आहे, बुडाला खळगे पडलेलं. त्यात काही शिजत नाही. ते २००९ चं आहे.

२००८ च्या ऑक्टोबरात इथल्या तिन्ही मोठ्या बँका आठवड्याभरात बुडाल्या. ६ तारखेला पंतप्रधान गेइर हार्दे टीव्हीवर आले आणि भाषणाच्या शेवटी म्हणाले, "देव आइसलँडचं भलं करो." बाई सांगते, देवाचं नाव ऐकलं आणि पोटात गोळा आला, कारण हे लोक एरवी देवाचं नाव घेत नाहीत. तिने २००७ मध्ये गाडी घेतली होती. कर्ज येन आणि स्विस फ्रँकच्या भावाला बांधलेलं, कारण त्याचं व्याज कमी. इथलं चलन, क्रोना, कोसळलं आणि गाडीचं कर्ज दुप्पट झालं, गाडी मात्र तीच. पुढे जून २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असली कर्जं बेकायदा ठरवली, पण तोवर दोन हिवाळे गेले होते. जानेवारी २००९ मध्ये संसद पुन्हा भरली तेव्हा लोक घरातली भांडी घेऊन चौकात गेले आणि वाजवत बसले. दिवसभर, रात्रभर, बर्फात शेकोट्या पेटवून. आत खासदारांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आठवड्याभरात सरकार गेलं. इथे त्याला 'भांड्याकुंड्यांची क्रांती' म्हणतात. भांडं आणि भांडण यांचं नातं मराठीला ठाऊक आहे, ते या लोकांना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. पण बाईला आवडलं. "म्हणजे तुमच्या भाषेत आम्ही बरोबरच होतो," म्हणाली.

आजच्या कर्जांबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि गेल्या वर्षीची निवडणूक तर त्यावरच झाली. इथे १९७९ पासून महागाईला बांधलेली कर्जं आहेत. ती समजायला मला वर्ष लागलं, म्हणून थोडं सांगते. महागाई जितकी वाढेल तितकी तुमची मुद्दल वाढते. आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका: २०२० मध्ये तिने चार कोटी क्रोनांचं कर्ज घेतलं, लहानसा फ्लॅट. पाच वर्षं एकही हप्ता चुकला नाही. आज शिल्लक जवळजवळ पाच कोटी. ती मला बँकेचा कागद दाखवत होती आणि मी पुन्हा पुन्हा विचारत होते, तू उलटा धरला नाहीस ना? साधं कर्ज घ्यावं तर त्याचं व्याज झेपत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये महागाई १०.२ टक्क्यांवर गेली, आणि मध्यवर्ती बँकेचा दर ऑगस्ट २०२३ पासून वर्षभराहून जास्त ९.२५ टक्क्यांवर होता. ३० नोव्हेंबर २०२४ ला लोकांनी जुन्या आघाडीला हाणलं. २०१७ ते २०२४ सरकारात असलेल्या डाव्या-हरित पक्षाला तर संसदेत एकही जागा उरली नाही. क्रिस्त्रूनचा पक्ष ६३ पैकी १५ जागा घेऊन पहिला आला. ती ३६ व्या वर्षी पंतप्रधान झाली, इथल्या इतिहासात सगळ्यात तरुण. ती अर्थतज्ज्ञ आहे म्हणून निवडून आली असं माझं मत. लेखकाला ती बाई आहे एवढंच दिसलं.

बायकांचंच बोलायचं तर २४ ऑक्टोबर १९७५ ला 'बायकांनी संप केला' असं लेखात आहे. संप म्हणायचं नाही असं तेव्हा ठरवून ठरलं होतं. 'लाल मोजे' नावाच्या बायकांच्या जहाल गटाला संपच हवा होता, पण संप म्हटलं तर जुन्या वळणाच्या बायका येणार नाहीत आणि मालक कामावरून काढतील, म्हणून शब्द निवडला 'बायकांची सुट्टी'. शब्द बदलला आणि देशातल्या नव्वद टक्के बायका आल्या. रेक्याविकच्या चौकात पंचवीस हजार माणसं जमली, तेव्हा देशाची लोकसंख्याच सव्वादोन लाखांच्या आत होती. बाप पोरांना घेऊन कचेरीत गेले. दुकानांतले सॉसेज संपले, कारण बापांना तेवढंच शिजवता येत होतं. आमची बाई तेव्हा दहा वर्षांची, पश्चिमेकडच्या फ्योर्डांतल्या, म्हणजे डोंगरांमधल्या खाड्यांतल्या, एका कोळीगावात. तिची आई मासे गोठवण्याच्या कारखान्यात होती. त्या दिवशी कारखाना बंद राहिला, कारण मासा कापणारे हात सगळे बायकांचे. बापाने सॉसेज करपवले आणि वर म्हणाला, असेच खायचे असतात.

२०२३ मध्ये पुन्हा अख्ख्या दिवसाचा संप झाला, या वेळी नाव थेट संपच. आदल्या दिवशी बाई मला म्हणाली, उद्या येऊ नकोस. मी म्हटलं, माझी रजा शिल्लक नाही. ती हसायला लागली. "रजा मागायची नसते यासाठी." मी घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, पगार कापतील का? नाही कापला. अर्नारहोत्ल टेकडीवर उभं राहायला जागा नव्हती. हजारो बायका ओरडत होत्या, "याला समानता म्हणता?" त्या वेळच्या पंतप्रधान कात्रीन याकोब्सदोत्तिर यांनीही त्या दिवशी काम बंद ठेवलं होतं. म्हणजे सरकारची प्रमुख सरकारविरुद्ध संपावर. मला ते जरा गंमतीचं वाटलं, खरं सांगते. त्याच संध्याकाळी आमच्या इमारतीतली एक फिलिपिनो शेजारीण जिन्यात भेटली. हॉटेलात खोल्या साफ करते. ती दिवसभर कामावर होती, रोजच्यापेक्षा चार खोल्या जास्त करून आली होती. संप आहे हे तिला ठाऊक होतं. तो तिचाही आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही नव्हतं. यंदा १९७५ च्या त्या सुट्टीला पन्नास वर्षं झाली तेव्हा मी आधी तिच्या दारावर थाप मारली.

तो कोळीगावातला कारखाना नंतर कायमचा बंद पडला, बायकांमुळे नाही. इथे मासे पकडायचा हक्क म्हणजे कोटा. १९८४ पासून तो बोटींना वाटला गेला, १९९० च्या कायद्याने मोकळेपणी विकता येऊ लागला. गावातल्या बोटमालकाने कोटा विकला आणि मासा दुसऱ्या बंदरात गेला. कायद्याचं पहिलंच कलम म्हणतं, समुद्रातला मासा ही साऱ्या राष्ट्राची सामाईक मालमत्ता. लोक कोटावाल्यांना 'दर्याचे जहागीरदार' म्हणतात. क्रिस्त्रूनच्या सरकारने यंदा त्यांच्याकडून घ्यायची फी वाढवायचं विधेयक आणलं आणि विरोधकांनी ते बोलून बोलून अडवलं. जूनभर आमच्या पातेल्यात मासा आणि रेडिओवरही मासाच. एकशेसाठ तासांहून जास्त चर्चा झाली. शेवटी जुलैत सभापतींनी चर्चा थांबवण्याचं कलम ७१ वापरलं. ते याआधी १९५९ मध्ये वापरलं होतं. बाईला विधेयक हवं होतं, पण कलम ७१ ऐकून ती गप्प झाली. "बोलणं बंद पाडणं मला आवडत नाही, आपल्या बाजूचं असलं तरी." मला मात्र वाटतं, एकशेसाठ तास पुष्कळ झाले.

राज्यघटनेचं थोडक्यात. भांड्यांच्या क्रांतीनंतर पंचवीस नागरिकांच्या मंडळाने नवा मसुदा लिहिला, २० ऑक्टोबर २०१२ ला मतदान झालं, मत देणाऱ्या दोनतृतीयांश लोकांनी हाच पाया धरा म्हणून सांगितलं. तेरा वर्षं झाली, संसदेने तो मंजूर केलेला नाही. २०२० मध्ये शहरातल्या एका भिंतीवर कुणी लिहिलं, 'नवी राज्यघटना कुठे आहे?' ते धुऊन टाकलं गेलं. लगेच तेच वाक्य मोठ्या अक्षरात पुन्हा रंगवलं गेलं.

आणि माझं मत. होय, मी इथे मतदान केलंय, भारतीय पासपोर्टावर. परदेशी माणसाला पूर्वी पालिकेच्या मतदानासाठी पाच वर्षं राहावं लागे. १ जानेवारी २०२२ पासून ती अट तीन वर्षांवर आली. निवडणूक १४ मे २०२२ ला होती. जुना नियम असता तर मी चार महिन्यांनी हुकले असते. त्याआधी फेब्रुवारीत मी तरणतलावाच्या गरम कुंडात बसले होते. बाहेर बर्फ, पाणी अडतीस अंश. समोर एक बाई गळ्यापर्यंत पाण्यात. चेहरा कुठेतरी पाहिलेला. मग आठवलं, बसस्टॉपच्या पोस्टरवर. ती विचारायला लागली, तू काय करतेस, स्वयंपाकघरात किती जणी आहात, एक आजारी पडली तर काय करता? मी मोडक्या आइसलँडिकमध्ये सांगितलं की दुसरी दुप्पट सोलते. ती हसली नाही. पुढचं विचारत राहिली. इथे कुंडात शिरण्याआधी साबण लावून, कपडे काढून आंघोळ करावी लागते, सगळ्यांदेखत. पहिल्या वर्षी मी तेवढ्यासाठी तलावावर गेले नाही. नगरसेवकपदाच्या उमेदवाराला आधी नळाखाली आणि मग कुंडात भेटल्यावर तिच्याबद्दल भीती म्हणून राहत नाही.

मतपत्रिका लांबलचक, उमेदवारांच्या अकरा याद्या, प्रत्येक यादीला एक अक्षर. पेन्सिलने फुली मारायची. आपण निवडलेल्या यादीतलं एखादं नाव नको असेल तर ते खोडता येतं. मी एक खोडलं. कुणाचं ते सांगत नाही. मतदानाच्या दिवशी पक्ष आपापल्या ठिकाणी कॉफी आणि केक मांडतात, कुणीही कुणाकडेही खावं. मी तीन पक्षांचा केक खाल्ला.

पण संसदेसाठी मला मत नाही. त्यासाठी नागरिकत्व हवं, सात वर्षांचा मुक्काम आणि भाषेची परीक्षा. परीक्षा मी देईन, पण भारत दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. युरोपीय संघाशी सदस्यत्वाची पुन्हा बोलणी करायची का यावर २०२७ पर्यंत सार्वमत घेऊ असं या सरकारने सत्तेवर येतानाच सांगितलं. त्यातही मी नाही. देशातला जवळजवळ पाचवा माणूस बाहेरून आलेला आहे. पोलिश सगळ्यात जास्त. ज्यांना पालिकेत मत आहे त्यांतलेही फार थोडे जातात, हे मला लागतं. मुलगी पुढच्या वर्षी अठरा पूर्ण करेल. ती म्हणते, मी इथलं नागरिकत्व घेणार. वडील म्हणतात, घाई कशाला. जेवताना हे चालू असतं. परवा आवाज चढले तेव्हा मुलीने चमचा ताटावर वाजवला, आणि मी उठून पाणी आणायला गेले, कारण मला हसू येत होतं.

तर बहिणीला मी उत्तर लिहिलं की मजा आहे, पण तुझ्या पेपरात छापलीय ती नाही. आपल्याला दोन विनंत्या. 'सुखी' निदान मथळ्यातून काढा. आणि 'फ्रोस्तादोत्तिर'च्या जागी 'क्रिस्त्रून' करा, अपमान होत नाही. चौकटीत २००८ च्या पंतप्रधानांना नुसतं 'हार्दे' म्हटलंय, ते मात्र तसंच राहू द्या. त्यांचे वडील नॉर्वेचे होते, ते खरंच आडनाव आहे.

आपली नम्र,
बालवाडीच्या स्वयंपाकघरातली एक वाचक
रेक्याविक, नोव्हेंबर २०२५